पिंपाआधी, पिंपानंतर : मूनशाइन, बर्बन आणि व्हिस्की चाखायची रीत

केंटकीतल्या लुईव्हिल शहरात मी नोकरीच्या निमित्तानं चार वर्षं काढली. तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट नजरेत भरली. काही वस्त्यांमध्ये घरांच्या भिंती, कुंपणं, झाडांची खोडं, रस्त्यावरच्या पाट्या, सगळं काळं. चुलीमागची भिंत असते तसं. मी धरून चाललो की जवळपास कोळशाचा कारखाना असणार. शेजारचे आजोबा म्हणाले, "कारखाना नाही, व्हिस्कीची गोदामं आहेत." लाकडी पिंपांतून दर वर्षी थोडीथोडी व्हिस्की वाफ होऊन उडून जाते, तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. त्या वाफेवर बॉडोइनिया नावाची बुरशी पोसते आणि आसपास काळा थर चढवते. पिऊन जातात देवदूत आणि काजळी शेजाऱ्यांच्या भिंतीला.

तोवर माझं पिणं अस्सल पुणेरी होतं. साठचा पेग, वर ग्लासभर सोडा, मूठभर बर्फ, समोर चकण्याची बशी. चव कशी आहे असं कुणी विचारलं तर "स्मूद आहे" किंवा "जरा घशाला लागते", या पलीकडे माझ्याकडे शब्द नव्हते. त्या काळ्या भिंतींनी मला पिंपाचा नाद लावला. बर्बनचा, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीचा, सगळा रंग आणि बराचसा स्वाद पिंपातून येतो हे वाचून कळतं, पण जिभेला पटत नाही. पटवायचं असेल तर पिंपात न गेलेली दारू आणि पिंपात राहून आलेली दारू शेजारीशेजारी ठेवून चाखावी लागते. परत आल्यावर कोथरूडच्या घरी मी मित्रांसाठी अशी बैठक बऱ्याचदा मांडली. ती कशी मांडायची, ते पुढे सांगतो.

त्याआधी कायद्याचं उरकून घेऊ. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, आणि पिण्याचा परवाना कागदोपत्री आजही लागतो; दुकानात एका दिवसाचाही मिळतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गोव्यातून स्वस्त बाटली परवान्याशिवाय गाडीत टाकून आणणं हा गुन्हा आहे, सगळे आणतात म्हणून तो कमी होत नाही. परदेशातून येताना माणशी २ लिटरची मुभा आहे. आणि घरी दारू गाळायची नाही. अमेरिकेनंसुद्धा १९७८ साली घरगुती बिअर आणि वाइनला मोकळीक देणारा कायदा केला, पण भट्टीला त्यात जागा दिली नाही.

तीन बाटल्या

पहिली बाटली पिंपात न गेलेल्या मक्याच्या दारूची. मूनशाइन म्हणजे मूळचा अर्थ चांदण्यात, सरकारची नजर चुकवून गाळलेली. आज अमेरिकेत याच नावानं कर भरलेली, परवान्याची दारूही मिळते. टेनेसी राज्यानं २००९ मध्ये कायदा सैल केला आणि पुढच्या वर्षी गॅटलिनबर्गमध्ये ओल स्मोकी नावाची डिस्टिलरी उघडली. माल लोणच्याच्या बरणीसारख्या काचेच्या बरणीत, ही जुनी परंपरा. सफरचंद, पीच, चेरी असल्या गोड प्रकारांकडे जाऊ नका, ती सरबतं आहेत. साधी, पाण्यासारखी पांढरी बरणी घ्या. लेबलवर 'कॉर्न व्हिस्की' लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण त्या नावासाठी धान्यात किमान ८० टक्के मका असावा लागतो. पुण्या-मुंबईत ही सहसा दिसत नाही. अमेरिकेहून कुणी येणार असेल तर सांगून ठेवा. नाहीच मिळाली तर गोव्याची काजूची फेणी ठेवा. ती धान्याची नाही, तेव्हा तुलना तंतोतंत होणार नाही, पण पिंपाविना दारू कशी असते एवढं समजतं.

दुसरी बाटली बर्बन. महागड्याच्या मागे लागू नका. जिम बीम किंवा मेकर्स मार्क पुरे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रानं बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं, तरीही खिशाला चटका बसतोच. चौघांत एक बाटली काढा.

तिसरी सिंगल माल्ट, आणि इथं मी आपल्याकडचीच सुचवेन: गोव्यात कुंकळ्ळीला होणारी पॉल जॉन किंवा बंगळुरूची अमृत. अमृतनं २००४ मध्ये आपला सिंगल माल्ट पहिल्यांदा विकायला काढला तो थेट ग्लासगोत, स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात. याला म्हणतात छाती. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली; एकाच डिस्टिलरीत फक्त तिच्यापासून केलेली व्हिस्की ती सिंगल माल्ट. नाचणीचं सत्त्व करताना आपण मोड आणतो त्याच कारणासाठी: मोड आले की दाण्यातल्या पिष्टाची साखर व्हायला लागते.

आपल्या रोजच्या देशी ब्रँडांपैकी बहुतेकांचा पाया उसाच्या मळीपासून काढलेला बिनचवीचा स्पिरिट असतो, त्यात थोडा माल्ट मिसळतात. युरोपात ती 'व्हिस्की' म्हणून विकता येत नाही, कारण तिथल्या व्याख्येनुसार व्हिस्की धान्याचीच हवी. प्यायला माझी हरकत नाही, कॉलेजचे सगळे दिवस मी त्यावरच काढले. या प्रयोगात मात्र ती काही शिकवत नाही.

लेबल वाचायला शिका

बाटली उघडण्याआधी दहा मिनिटं लेबलला द्या. बर्बन हे नाव अमेरिकेच्या कायद्यानं बांधलेलं आहे. ती अमेरिकेतच झालेली हवी. केंटकीतच हवी असं नाही, जरी बहुतेक तिथंच होते. धान्यात किमान ५१ टक्के मका. गाळताना ८० टक्के अल्कोहोलच्या वर जायचं नाही, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर नाही, बाटलीत ४० च्या खाली नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: पिंप ओकच्या लाकडाचं, कोरं आणि आतून जाळून कोळसा केलेलं. एकदा वापरलेल्या पिंपात भरलेल्या दारूला बर्बन म्हणता येत नाही.

मग वापरलेल्या पिंपांचं काय होतं? ती स्कॉटलंडला जातात, आयर्लंडला जातात, आणि आपल्या गोव्या-बंगळुरूलाही येतात. म्हणजे तुमच्या तिसऱ्या ग्लासातला माल्ट बहुधा दुसऱ्या ग्लासातल्या बर्बनच्या उतरलेल्या पिंपातच वाढला आहे. या तीन बाटल्या मी निवडल्या त्या याच नात्यासाठी.

'स्ट्रेट' हा शब्द दिसला तर किमान २ वर्षं पिंपात. ४ वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापावंच लागतं. वय छापलेलं नसेल तर ४ किंवा जास्त समजा. 'बॉटल्ड इन बाँड' दिसलं तर डोळे मिटून घ्या. हा १८९७ चा कायदा. त्या काळी काही व्यापारी कोऱ्या स्पिरिटला तंबाखूचं पाणी वगैरे घालून रंग आणत आणि जुनी व्हिस्की म्हणून विकत. कायद्यानं सांगितलं: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान ४ वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची. अमेरिकेत आजही या बाटल्या किमतीच्या मानानं चोख निघतात.

आता प्रूफ. यात आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. अमेरिकेत प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट: ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के. आपल्याकडे मात्र इंग्रजांचं जुनं माप टिकून आहे. त्यात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के. म्हणून आपल्या बाटलीवर ४२.८ टक्के हा विचित्र आकडा असतो: तो ५७.१ चा पाऊण भाग, म्हणजे ७५ प्रूफ. थोडक्यात आपली ७५ प्रूफ ही अमेरिकेच्या ८० प्रूफपेक्षा कडक. मित्रमंडळींत पैज लावायला चांगला मुद्दा आहे, मी दोन जेवणं जिंकलो आहे.

जॅक डॅनियल्स बर्बन आहे का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. ते लोक स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवतात. कृती जवळजवळ तीच, फक्त पिंपात भरण्याआधी दारू मेपलच्या कोळशाच्या जाड थरातून थेंबथेंब गाळून घेतात. ज्याच्या नावानं ती विकली जाते त्या जॅक डॅनियलला हे काम शिकवलं निअरेस्ट ग्रीन या गुलामगिरीत असलेल्या कृष्णवर्णीय कारागिरानं. कंपनीला हे उघडपणे सांगायला दीडशे वर्षं लागली. आणि ज्या लिंचबर्ग गावात ती होते, तो परगणा कायद्यानं दारूबंदीचा आहे.

बैठक मांडणं

वेळ संध्याकाळची, जेवणाआधी. अंघोळ झालेली असेल तर बरं, पण अत्तर, डिओ, उदबत्ती नको. स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर अर्धा तास थांबा. पान, गुटखा, सिगरेट, कच्चा कांदा यातलं काही तोंडात गेलं असेल तर त्या दिवशी नाद सोडा.

ग्लास बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. त्यासाठी ग्लेनकेर्न नावाचा खास ग्लास मिळतो, पण वाइनचा छोटा ग्लासही चालतो. रुंद तोंडाच्या ग्लासात वास पसरून जातो. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि स्वतः पेल्याचाच वास येतो. कटिंग चहाचा काचेचा ग्लास? मी वापरून पाहिलाय. वेळ निभते.

प्रत्येक ग्लासात १५ मिली, जास्त नाही. तीन ग्लास म्हणजे ४५ मिली, ३० चे दीड पेग. सोबत साध्या पाण्याचा तांब्या, फ्रीजमधलं नाही. एक चहाचा चमचा, आणि तोंड साफ करायला पावाचा कोरडा तुकडा किंवा बिनमिठाचा कुरमुरा.

आता तिन्ही ग्लास पांढऱ्या कागदावर ओळीनं ठेवा. डावीकडे पाण्यासारखी मूनशाइन, मध्ये तांबूस बर्बन, उजवीकडे फिकट सोनेरी माल्ट. बर्बनचा रंग सगळा लाकडाचा आहे, त्यात रंग मिसळायला कायद्यानं बंदी आहे. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे, म्हणून स्कॉचच्या गडदपणावरून वय ओळखायला जाऊ नका.

वास, घाई न करता

ग्लास थेट नाकात खुपसू नका. परफ्यूम हुंगल्यासारखा जोरात श्वास घेतला की अल्कोहोल झोंबतं आणि पुढची दहा मिनिटं नाक बधिर. ग्लास हनुवटीपाशी आणा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि नाका-तोंडानं मिळून हळू श्वास घ्या. मग थोडा वर आणा. हे तोंड उघडं ठेवणं आधी बावळट वाटतं, पण फरक जाणवतो.

सुरुवात डावीकडून. मूनशाइनमध्ये मला नेहमी ओल्या कणसाचा वास येतो: कणीस सोलताना हिरवं पान आणि रेशमी केस हाताला लागतात ना, तोच. त्यामागे थोडं आंबवलेलं पीठ, थोडं पिकलं केळं. चांगली असेल तर स्वच्छ, वाईट असेल तर नेलपॉलिश. मग लगेच मधला ग्लास उचला. आधी गुळाचा पाक, चिक्कीसाठी कढईत करतात तो, कडेला जरा करपत आलेला. मग कस्टर्डमधला व्हॅनिला. मग जायफळ, दालचिनी, कधी सुकं खोबरं. मका तिथं अजूनही आहे, पण आता भाजलेला.

पिंप करताना आत आग लावतात. सगळ्यात खोल जाळणीला साधारण मिनिटभर लागतं आणि आतला पृष्ठभाग मगरीच्या पाठीसारखा तडकतो. त्या उष्णतेनं लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन सुटतं, तेच द्रव्य जे व्हॅनिलाच्या शेंगेत असतं. लाकडातल्या गोडसर भागाचं कॅरॅमल होतं. खोबऱ्याचा वास ओकमधल्या लॅक्टोनचा. केंटकीच्या उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आकसून परत येते, येताना हे सगळं घेऊन येते. असे सहा उन्हाळे, सहा हिवाळे झाले की डावीकडचा ग्लास मधला होतो, थोड्याफार फरकानं.

आता उजवीकडचा. तेच लाकूड, पण एकदा पिळून काढलेलं, म्हणून व्हॅनिला मागे गेला आहे आणि धान्याला बोलायला जागा मिळाली आहे: बिस्किट, मध, बेदाणा. आपल्याकडचा उष्मा पिंपाला घाई करायला लावतो. स्कॉटलंडमध्ये देवदूत वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास नेतात, केंटकीत त्याच्या जवळजवळ दुप्पट, गोव्या-बंगळुरूत तर १० टक्क्यांच्या घरात. म्हणून आपला माल्ट पाच-सहा वर्षांतच बाटलीत येतो. वीस वर्षं ठेवला तर पिंपात नुसता वास उरायचा.

वासाला नाव द्यायला इंग्रजी पुस्तकांची गरज नाही. तिथं लिहिलेली ब्लॅकबेरी मी लुईव्हिलला जाईपर्यंत खाल्लेली नव्हती. आपलं स्वयंपाकघर पुष्कळ आहे: खारीक, चिंचेचा कोळ, ओवा, शेपू, लवंग, शाईचं दप्तर, नवी कोल्हापुरी चप्पल, पावसात भिजलेलं सागवानी दार. राय या गव्हासारख्या धान्याचं प्रमाण जास्त असलेल्या व्हिस्कीत मला शेपू आणि मिरी स्पष्ट येते. राय नसलेल्या, गव्हाच्या बर्बनमध्ये, मेकर्स मार्क हे त्याचं उदाहरण, तो तिखटपणा नसतो, नानकटाईकडे झुकते.

घोट, आणि पाण्याचा प्रश्न

पहिला घोट चवीसाठी नसतोच, तो तोंडाला सूचना देण्यासाठी. अगदी अर्धा चमचा, जिभेवरून फिरवा, गिळा, जळजळ होऊ द्या. चव दुसऱ्या घोटापासून मोजा. बुकर नो नावाचे जिम बीम घराण्यातले वस्ताद दारू तोंडात घेऊन चक्क चावल्यासारखी घोळवत. त्याला केंटकी च्यू म्हणतात. घास चावतो तसं पाच-सहा वेळा करा. मग गिळा आणि तोंड बंद ठेवून नाकानं श्वास सोडा. खरी चव त्या सुटणाऱ्या श्वासात येते. मूनशाइनची चव पटकन येते आणि पटकन जाते. बर्बन मागे रेंगाळते, छातीपर्यंत. घड्याळ लावून बघा.

मग पाणी. नुसतीच प्यायची, पाणी घालणं पाप, हे कुणीतरी सिनेमातून उचललेलं आहे. चमच्यानं थेंबथेंब घाला आणि प्रत्येक वेळी पुन्हा हुंगा. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायाकोलसारखे धुरकट वासाचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतात. म्हणजे नाकाजवळ. हिशेब सोपा आहे: १५ मिली, ५० टक्क्यांची दारू ४० वर आणायला पाऊण चमचा पाणी पुरतं. त्याहून जास्त घातलं की हळूहळू सगळंच फिकं होतं, आणि आपण सोड्यानं नेमकं तेच करत आलो.

बर्फ? चाखताना नको, थंडीनं वास दबतो. चाखून झाल्यावर निवांत प्यायची असेल तर एक मोठा खडा, वाटीत पाणी गोठवून केलेला. छोटे चौकोनी तुकडे पाच मिनिटांत पाणी करून ठेवतात.

काकांची पहिल्या धारेची

एका बैठकीला मित्राचे वडील होते, वय सत्तरच्या पुढे. त्यांनी डावीकडचा ग्लास हुंगला आणि एकदम उजळले. "अरे, ही तर आमची पहिल्या धारेची!" तरुणपणी नगरकडे एका ओढ्याकाठी गूळ आणि नवसागराच्या रसायनातून गाळलेली हातभट्टी त्यांनी प्यायली होती. टायरच्या ट्यूबमधून ती गावात यायची, तिला रबराचा वास असायचा, वगैरे. मूनशाइन आणि हातभट्टी चुलत बहिणी आहेत यात शंका नाही. ॲपालाचिया डोंगरातल्या शेतकऱ्याला मक्याची पोती खेचरावरून बाजारात नेण्यापेक्षा त्याच मक्याची दारू नेणं परवडायचं. १७९१ मध्ये तिच्यावर कर बसला, लोक बंड करून उठले आणि १७९४ मध्ये खुद्द वॉशिंग्टन सैन्य घेऊन निघाले. गंमत म्हणजे राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर त्यांनी स्वतःच माउंट व्हर्नॉनला मोठी डिस्टिलरी चालवली. पुढे १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत मक्याची जागा स्वस्त साखरेनं घेतली, आपल्याकडच्या गुळासारखी. पोलिसांना चुकवून माल पळवणाऱ्या गाड्यांमधून मोटार शर्यतींचे नामांकित चालक तयार झाले; ज्युनियर जॉन्सन हा त्यातला मोठा, ज्याला जुन्या शिक्षेबद्दल १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी माफी दिली.

पण काकांच्या अभिमानाला इथं मला टाचणी लावावी लागली. पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात कडक, हे खरं. मात्र परवान्याच्या डिस्टिलरीत अगदी पहिली धार बाजूला काढतात. तिच्यात ॲसिटाल्डिहाइड, नेलपॉलिशच्या वासाची द्रव्यं जास्त असतात. मधला भाग ठेवायचा, शेवटची ओल्या पुठ्ठ्याच्या वासाची धारही वेगळी काढायची. कुठं कापायचं हे ठरवणं हीच त्या माणसाची कला.

जीव जातो तो मात्र बहुतेक वेळा पहिल्या धारेनं नाही. धान्याच्या किंवा गुळाच्या दारूत मिथेनॉल मुळात थोडंच तयार होतं. माणसं मरतात ती कारखान्यातून चोरलेलं औद्योगिक मिथेनॉल कुणीतरी दारू म्हणून विकतो तेव्हा. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली ती अशीच. अमेरिकेत आणखी एक प्रकार चालायचा: गाडीचा जुना रेडिएटर वाफ थंड करायला लावायचे आणि त्याच्या डागातलं शिसं दारूत उतरायचं. काडी लावून निळी ज्योत दिसली की माल शुद्ध, ही समजूत दोन्ही देशांत आहे आणि दोन्हीकडे चूक आहे. मिथेनॉलची ज्योतही निळीच, दिवसा तर दिसतही नाही. वासानं, चवीनं, बाटली हलवून बुडबुडे मोजून, कशानंही ते ओळखता येत नाही.

म्हणून लेबल नसलेली, कॅनमधली, "आपल्या माणसाकडची" दारू कितीही प्रेमानं दिली तरी नको. आणि अशी प्यायल्यावर १२ ते २४ तासांनी डोळ्यांपुढे धुकं आलं, पोटात कळा आल्या, श्वास जोरजोरात चालायला लागला तर हँगओव्हर समजून लिंबूपाणी देत बसू नका. सरळ मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय प्यायलं ते लपवू नका. वेळेत पोचलं तर उतारा आहे, डायलिसिस आहे. उशीर झाला तर डोळे जातात.

काकांनी ऐकून घेतलं, मधला ग्लास उचलला आणि म्हणाले, "म्हणजे ही आमचीच, पण शाळेत घातलेली."

नंतरचं पिणं

चाखण्याचा भाग संपला की उरलेली संध्याकाळ तुमची. बर्बनसोबत मला शेंगदाण्याची गुळाची चिक्की सगळ्यात आवडते, दोघांचा पाक एकमेकांना ओळखतो. पावसाळ्यात कोळशावर भाजलेलं कणीस, पण लिंबू-तिखट न चोळता, फक्त मीठ. मसाला शेंगदाणे आणि चकली सोड्यासोबत ठीक. नुसत्या बर्बनला तिखट लागलं की आग दुप्पट होते.

एकच कॉकटेल शिकायचं असेल तर ओल्ड फॅशन्ड. ६० मिली बर्बन, दोन-तीन थेंब अँगोस्टुरा बिटर्स (कडवट मसालेदार अर्क), आणि साखरेच्या खड्याऐवजी माझी लबाडी म्हणजे अर्धा चमचा कोल्हापूरची काकवी. काकवी आधी चमचाभर पाण्यात विरघळवा, नाहीतर बुडाला बसते. मोठा बर्फाचा खडा, वीस-पंचवीस सेकंद ढवळणं. नागपुरी संत्र्याचं साल सैल असतं, त्याची पट्टी नीट निघत नाही. हातानं सोलून रुपयाएवढा तुकडा घ्या आणि ग्लासवर दुमडून दाबा. तेलाचा बारीक फवारा उडतो, तोच हवा असतो. हे कॉकटेल म्हणजे दोन लहान पेग आहेत, हे मोजणीत धरा.

मोजणी सोपी ठेवा. आपल्या ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि यकृताला ते उरकायला तासाच्या आसपास, कधी जास्तच लागतो. पन्नास टक्क्यांची बर्बन ४५ मिली ओतली तर जवळजवळ १८ ग्रॅम. पेग मोजायचं माप घरी ठेवा. अंदाजानं ओतणाऱ्याचा हात प्रत्येक फेरीला जड होत जातो, माझा तर नक्कीच. गाडीची किल्ली बैठक सुरू होण्याआधी घरमालकाकडे. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही आपली मर्यादा, आणि पहिल्याच खेपेला १०,००० रुपये दंड, तुरुंग किंवा दोन्ही. कुणी औषधं घेत असेल, गरोदर असेल, किंवा नको म्हणाला असेल तर आग्रह करायचा नाही. जेवणाच्या पंगतीतला आग्रह इथं आणू नका.

उघडलेली बाटली उभी ठेवा, आडवी नाही. कडक दारू बुचाला खाते. उन्हापासून लांब, कपाटात. तळाशी पावभर राहिली की आतली हवा चव मारायला लागते, तेव्हा छोट्या बाटलीत ओता किंवा मित्रांना बोलवा.

आणि ग्लास रात्री धुवू नका. आमच्या घरी यावरून दर वेळी वाद होतो, "हे धुवायचे की देव्हाऱ्यात ठेवायचे?" असा प्रश्न सकाळी ऐकू येतो. पण चहाच्या आधी, नाक ताजं असताना, तिन्ही रिकामे, वाळलेले ग्लास पुन्हा एकदा हुंगून बघा. अल्कोहोल रात्रीत उडून गेलेलं असतं, उरतं ते बाकीचं. माल्टच्या ग्लासात मध आणि किंचित धूळ. बर्बनच्या ग्लासात जळका पाक, आणि नवं कपाट उघडल्यासारखं लाकूड, इतकं स्पष्ट की रात्री भरल्या ग्लासातही आलं नव्हतं. मूनशाइनच्या ग्लासात जवळजवळ काहीच नाही, फक्त काच.